अकरा राशींचं भविष्य

७ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिका हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. ओळ वर चाललीय की खाली, हे मला दिसत नाही; तूच मान वाकडी करून वाच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मार्चमध्ये एकापाठोपाठ एक काढतील. मग महिनाभर वाचायचं नाही, लिहायचं नाही, शिंकायचं तेही जपून. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या मुद्रितशोधकाला आज स्वतःच्या चपला सापडत नाहीत. हसतेस ना? हस.

आता काम. मी निवृत्त झालो तरी सांजपेपरातलं 'आजचं भविष्य' माझ्याकडेच राहिलं, हे तुला ठाऊक आहे. आता नव्या संपादकबाई आल्यात. मनाने चांगल्या, पण सदा घाईत. त्या म्हणाल्या, "काका, आठवड्याचं भविष्य एकदम टाइप करून पाठवा. नाहीतर आम्ही बाहेरून तयार घेतो." तयार मिळतं म्हणे! एकदा ते सुरू झालं की माझं सदर गेलंच. आणि ते माझ्या हातून जाता कामा नये. का, ते विचारू नकोस. म्हाताऱ्याचा हट्ट समज.

तुला म्हणून माझं गुपित सांगतो. ग्रहतारे मला ओ की ठो कळत नाहीत. तीस वर्षांपूर्वी आमचे ज्योतिषी आठ दिवसांच्या रजेवर गेले ते परतलेच नाहीत. छपाईला अर्धा तास उरलेला, पानावर चौकोन रिकामा. संपादक म्हणाले, "तू रोज वाचतोस ना ते? मग लिही." तेव्हापासून माझे तीन डबे आहेत. पहिल्यात सुरुवातीची वाक्यं, दुसऱ्यात मधली, तिसऱ्यात शेवटची. सगळी चिठ्ठ्यांवर. अकरा राशींना प्रत्येक डब्यातून एकेक चिठ्ठी काढायची, तीन ओळी जोडायच्या, झालं भविष्य. एकदा काढलेली चिठ्ठी त्या दिवशी परत डब्यात टाकायची नाही. रविवारी वरिष्ठांचा उल्लेख नको. कुणालाही भीती घालायची नाही. एवढेच नियम.

हेच काम तुझ्या त्या यंत्राला शिकवता येईल का? डबे पार्सलने पाठवतोय. पत्र नेहमीसारखं तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. घरी यातलं काही बोलू नकोस. बोलायची सोय तुझ्या आईने आणि मी ठेवलेली नाहीच म्हणा.

तुझा
मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामास,
साष्टांग नमस्कार.

डबे पोचले! ऑफिसात उघडले आणि शाईचा तो वास टेबलभर पसरला. मला एकदम तुमच्या छापखान्यावरची खोली आठवली: खाली यंत्र सुरू झालं की पेन आपोआप टेबलावरून सरकायचं आणि तू न बघता हात पुढे करून ते पकडायचास. मी नऊ वर्षांची होते तेव्हा शेवटची आले होते ना तिथे? त्यानंतर बाबा गेले, आणि मग ते सगळंच बंद झालं.

तुझ्या चिठ्ठ्या मोजल्या. पहिल्या डब्यात दोनशे चार, दुसऱ्यात तीनशे एकोणीस, तिसऱ्यात एकशे अठ्ठ्याऐंशी. सगळ्या जुन्या प्रुफांच्या पाठीवर! एका बाजूला 'मनासारख्या घटना घडतील', आणि उलटून बघावं तर हरवलेल्या म्हशीची जाहिरात. दोन संध्याकाळी बसून टाइप केल्या. प्रोग्राम म्हणशील तर इतकुसा, तीस ओळींचा. तीन याद्या, प्रत्येकीतून डोळे मिटून एक वाक्य उचलायचं, जोडायचं, उचललेलं बाजूला ठेवायचं. तुझ्या पद्धतीत मी काडीचा बदल केलेला नाही. आमच्याकडचा मुलगा हेच काम करायला आठवडा मागेल आणि वर मीटिंग लावेल.

हा आजचा मासला. मेष: 'अडलेली कामं मार्गी लागतील. दातांकडे दुर्लक्ष नको. संध्याकाळी खिडक्या लावून घ्या.' सिंह: 'मनावरचं ओझं उतरेल. शेजाऱ्याची शिडी परत करा. पिवळा रंग शुभ.' मी हसून हसून लोळले. शिडी कुणाची रे होती?

एक चूक मात्र मी सुधारली आहे. तू विचार न करता 'अकरा राशी' लिहून गेलास. मामा, राशी बारा असतात! आमच्या धंद्यात ही चूक रोजची आहे, आम्ही शून्यापासून मोजतो आणि शेवटचा आकडा अकरा येतो. मुद्रितशोधकाची चूक पकडायला मिळाली, जन्माचं सार्थक झालं. यंत्र बारा राशींचं भविष्य काढेल, काळजी नको.

आई बरी आहे. गुडघ्याचं तेच रडगाणं, आणि जिना चढायचा हट्टही तोच.

तुझी
प्रश्नपत्रिका


२२ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिका हिस,
आशीर्वाद.

शिडी माझीच, नेली होती आमच्या वरच्या मजल्यावरच्या टेलरने. त्याची रास सिंह. त्याने शिडी परत केली ती भविष्य वाचून, माझ्या सांगण्यावरून नव्हे. भविष्याचा पडताळा आला तो तेवढा एकदाच.

तुझं यंत्र चांगलंच आहे गं. पण मला जरा चुटपुट लागली. डब्यात हात घातला की कळायचं, ही चिठ्ठी जुनी आहे, मऊ पडलीय. ही परवाच लिहिली, टोचते. टोचणारी चिठ्ठी मी तूळ राशीला देत नसे, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या आमच्या जुळाऱ्याची रास तूळ होती आणि त्याची बायको आजारी असायची. यंत्राला हे कसं सांगणार? जाऊ दे. तो बिचारा केव्हाच गेला, आणि जुळणीही गेली.

संध्याकाळी चार वाजता पहिला गठ्ठा वर यायचा. ओला कागद, बोटाला काळं लागायचं. मी पहिलं पान कधीच बघत नसे, आधी माझा चौकोन बघायचा. वाचकांची पत्रंही यायची बरं का. सगळ्यात जास्त कन्या राशीच्या लोकांची. एका पहिलवानाने लिहिलं होतं, तुमच्यामुळे मी गुडघ्याला शेक घ्यायला लागलो. अजून येतात. का कोण जाणे.

अकरा-बाराचं म्हणशील तर, बघू. घाई करू नकोस. आधी मला एक सांग. तुमच्याकडे आमचा सांजपेपर टपालाने येतो, असं तू हॉस्टेलात असताना कधीतरी लिहिलं होतंस. अजून येतो का? तुझी आई तो वाचते का? म्हणजे, सहज विचारतोय. खप कुठवर आहे ते कळावं म्हणून.

तुझा
मामा


१ मार्च

ती. मामास,
सा. न.

सहज विचारतोयस होय! बरं, सहज उत्तर देते.

पेपर येतो. दोन दिवस शिळा. या गावात दारात तीन ताजे पेपर मिळत असताना आईने बाबा गेल्यावर दोन महिन्यांत तो लावला आणि आजवर बंद केला नाही. माहेरच्या गावाची सवय, दुसरं काय! मी चिडवते तिला, सगळी दुनिया उद्याचं भविष्य वाचते आणि आमच्या घरी परवाचं येतं. पण वाचते कसली? पेपर आला की कात्री घेऊन बसते. तुझं भविष्याचं पान सगळ्यात आधी फाटतं. उरलेला पेपर कपाटात अंथरायला. आमच्या घरात असा एक खण नाही ज्याच्या तळाशी तुमचा अग्रलेख नाही.

तेव्हा आईची काळजी करू नकोस. तिचा भविष्यावर विश्वास नाही आणि तुझं नाव तिच्यासमोर काढायची माझी छाती नाही. मला एकदा खरं सांगशील का, नक्की झालं काय होतं? मला एवढंच आठवतं, बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलास, आणि आईने तुला दारातूनच परत पाठवलं.

प्रोग्राम तयार आहे. दर शनिवारी मी पुढच्या आठवड्याचं भविष्य संपादकबाईंना पाठवून देईन. ऑपरेशनची तारीख कळव. मी येऊ का? दोन दिवस रजा सहज मिळेल.

तुझी
प्र.


६ मार्च

चि. प्रश्नपत्रिका हिस,
आशीर्वाद.

कपाटात अंथरायला उपयोग होतो, हे वाचून बरं वाटलं. पेपरचा तोही एक उपयोग आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझे बाबा गेल्याचा निरोप मला सकाळी अकराला मिळाला होता. बाराची गाडी होती. त्या दिवशी निवडणुकीचा निकाल होता आणि प्रुफं तपासायला दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, अंक काढतो आणि निघतो. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ताई दारात उभी होती. "अंक निघाला का?" एवढंच विचारलं तिने. मी "हो" म्हणालो. बघ, माझ्या तोंडून "हो" आलं! ती म्हणाली, "मग जा आता. आणि मला पत्र लिहू नकोस, मी उघडणार नाही." तरी मी दोन लिहिली. दोन्ही न उघडता परत आली.

मग अठरा तारखेपासून बाराही राशी यंत्रानेच कर; तोवरचं मी देऊन ठेवलंय. मीच चुकलो होतो, अकरा लिहिलं ते.

ऑपरेशन बारा तारखेला, दुसऱ्या डोळ्याचं एकोणिसाला. तू येऊ नकोस, इथे टेलर आहे. महिनाभर पत्र येणार नाही.

तुझा
मामा


२७ मार्च

ती. मामास,

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. वाचणारीच तुझ्याकडे काल पोचली असेल. तिने मधली वाक्यं गाळली तर मोठ्याने ओरड.

मामा, मी गाढव आहे. तूही आहेस, पण माझा नंबर पहिला.

परवा रात्री जेवताना आईने भाकरी खाली ठेवली आणि विचारलं, "तुझ्या मामाला काय झालंय?"

एकोणीस वर्षांत त्या घरात 'मामा' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. मी म्हटलं, "कुठे काय?"

"खोटं बोलू नकोस. सहा दिवस झाले, तो माझ्याशी बोललेला नाही."

"अगं, तुमचं बोलणं एकोणीस वर्षं बंद आहे!"

"तुला काय ठाऊक," म्हणाली आणि उठून गेली. परत आली ती माझ्या शाळेच्या जुन्या वह्या घेऊन. चौदा वह्या, मामा. पानापानावर चौकोनी कात्रणं चिकटवलेली. सगळी एकाच राशीची. कन्या. आईची रास.

मी बसले आणि वाचत गेले. पहिलं कात्रण बाबा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यातलं. 'कन्या: ज्याने वेळेवर यायला हवं होतं तो आला नाही. त्याला काम होतं. तेवढं कारण पुरेसं नव्हतं.' दुसऱ्या दिवशीचं: 'कन्या: एकटीने जेवू नये. रेडिओ लावावा.' मग वर्षभर जवळजवळ रोज तेच, वेगवेगळ्या शब्दांत, तुझं चुकलं म्हणून. पुढे मी हॉस्टेलला गेले, तुला लिहायला लागले आणि कन्येचं भविष्य एकदम शहाणं झालं. 'हट्टाने जिना चढून काही सिद्ध होत नाही. गुडघ्याला शेक घ्या.' 'लेकीची आज मुलाखत आहे. निघताना रागावू नका.' 'लेक रात्री उशिरा जेवते. तिला फोन करा.' मामा! हे सगळं मीच तुला लिहीत होते! आणि आई मला त्या रात्री फोन करायची, मला वाटायचं हिला आतून कळतं. अकरा वर्षं मी तुम्हा दोघांची टपालवाली होते आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला इतकं रडू आलं की आईच मला पाणी द्यायला उठली.

तू अकराच लिहिलं होतंस. अकराच राशींना डबे लागत होते. मी शहाणी, मुद्रितशोधकाच्या चुका काढायला गेले. आणि 'पेपर फाडते' असं तुला लिहून मोकळी झाले. ती ते पान फाडायची, कारण तिला कात्रण हवं असायचं.

मग तिने माझ्यासमोर माझ्या यंत्राचं भविष्य ठेवलं. 'कन्या: वरिष्ठांची मर्जी राहील. परदेशगमनाचा योग. पांढरी वस्तू जवळ ठेवा.' म्हणाली, "माझे कोण वरिष्ठ आता? आणि मला परदेशी कोण बोलावतंय? पहिल्या दिवशी वाटलं, घाईत असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, रुसला. सहा दिवस असला कचरा? हे त्याने लिहिलेलं नाही. मेला असता तर पेपरात आलं असतं. म्हणजे जिवंत आहे, पण लिहिण्यासारखा नाही. काय झालंय त्याला?"

मी सगळं सांगितलं. डोळे, ऑपरेशन, डबे, यंत्र. "आणि मला सांगितलं नाहीस!" म्हणून जो पट्टा सुटला तो अर्धा तास. मी म्हटलं, "एवढं होतं तर तू एक ओळ तरी का नाही लिहिलीस त्याला?" वह्या गोळा करत म्हणाली, "उत्तर द्यायचं तर आधी माझा शब्द मागे घ्यायला लागला असता. तो लिहितोय, मी वाचतेय, चाललं होतं की. माझीही रग काही कमी नाही." तुमच्या घराण्यात डोकी दगडाची आहेत, मामा, हे मी लेखी देते.

फोन करू म्हटलं, तर "फोनवर कळत नाही, बघून येते." सकाळच्या पहिल्या गाडीने गेली. गुडघ्याला पट्टा बांधून.

कन्या मी यंत्रातून काढून टाकली आहे. संपादकबाईंचा फोन आला होता, कन्येचे वाचक तक्रार करताहेत. त्यात तो पहिलवानही आहे.

तुझी
प्रश्नपत्रिका


४ एप्रिल

चि. प्रश्नपत्रिका हिस, अनेक आशीर्वाद.

(असं लिही म्हणतोय. अक्षर माझं, मजकूर तुझ्या मामाचा. त्याला लिहायला मनाई आहे. कंसात असेल ते माझं.)

तुझी आई सव्वीस तारखेला दुपारी दारात उभी राहिली. मला नीट दिसत नव्हतं. मी विचारलं, कोण? तर उत्तर आलं, "ठोंब्या, दार उघडं टाकून झोपतोस?" त्यावरून ओळखलं.

(ठोंब्याच तो. लहानपणापासून. घरात पाऊल ठेवायला जागा नाही. चहाच्या डब्यात चिठ्ठ्या, औषधाच्या डब्यात चहा. डोळ्यांत थेंब घालणार कोण, तर तो टेलर, सुई ओवल्यासारखा नेम धरून.)

दोन्ही डोळे चांगले झाले आहेत. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांनी वाचू शकाल. काल मी खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचली. त्यात दोन चुका आहेत.

(तीन आहेत.)

तुझं पत्र ताईने वाचून दाखवलं. काही गाळलं असेल तर मला कळणार नाही.

(एकच वाक्य गाळलं. दगडाचं.)

संपादकबाईंना कळव की कन्येच्या वाचकांसाठी मी सांगेन आणि ताई लिहून देईल, डोळे पुरते बरे होईपर्यंत. बाकीच्या अकरा तुझ्याकडे. पहिलवानाची ताईला काळजी वाटते.

आता महत्त्वाचं. ताई, हे नीट लिही. प्रश्नपत्रिके, तुला साक्षी ठेवून सांगतो. त्या दिवशी बाराच्या गाडीने मी

(इथे मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, हे मी लिहिणार नाही. एकोणीस वर्षं हेच छापून झालं, सगळ्या गावाने वाचलं, पहिलवानाने वाचलं. आता मी समोर बसलेय. लिहवून काय घेतोस? मला सांग.

तो उठला, भिंतीला धरून आत गेला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. मग बोलला. छापायचा तेवढं नीट नाही जमलं त्याला. अडखळत होता, मधेच थांबत होता, पण बोलला. काय ते तुला लिहीत नाही. मलाही दारातल्या त्या वाक्याबद्दल बोलायचं होतं, ते मी बोलले.

डॉक्टरांनी रडायला सक्त मनाई केली होती. दुपारचं औषध सगळं वाहून गेलं, संध्याकाळी दोघांनी मिळून परत घातलं. मी महिनाभर इथेच राहते. तू वेळेवर जेव.

तुझी
आई)